विक्रमांचे दप्तर आणि औषधाची कुपी

न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाऊन या लहानशा गावी बेसबॉलच्या थोर खेळाडूंची स्मृती जतन करणारे ‘हॉल ऑफ फेम’ नावाचे संग्रहालय १९३९ सालापासून उभे आहे, आणि त्या संग्रहालयाच्या ताब्यात २००८ साली एक असा चेंडू आला की ज्याच्या पांढऱ्या कातड्यात एक तारकाचिन्ह मुद्दाम कोरलेले आहे. ७ ऑगस्ट २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे बॅरी बाँड्स या फलंदाजाने कारकिर्दीतील ७५६वा होम रन मारून हँक ॲरनचा १९७६ पासून अबाधित असलेला ७५५चा उच्चांक मागे टाकला, तो हाच चेंडू. मार्क एको नावाच्या वस्त्ररचनाकाराने तो लिलावात ७,५२,४६७ डॉलरला विकत घेतला आणि त्याचे पुढे काय करावे याचा कौल जनतेकडे मागितला: चेंडू जसाच्या तसा संग्रहालयाकडे पाठवावा, तारकाचिन्हाने डागून पाठवावा, की अग्निबाणात घालून अंतराळात भिरकावून द्यावा? सर्वांत अधिक मते दुसऱ्या पर्यायाला पडली. ग्रंथातील एखाद्या विधानाला तळटीप जोडावयाची असता मुद्रक जे चिन्ह वापरतो, ते एका खेळाडूच्या पराक्रमाच्या साक्षात साधनावर उमटविले गेले; परंतु तळटिपेत काय लिहावयाचे ते त्या चेंडूवर कोठेही नाही, आणि अमेरिकेतील क्रीडारसिक, वृत्तपत्रकार, विधिज्ञ व रसायनशास्त्रज्ञ गेली कित्येक वर्षे जो वाद घालीत आहेत तो या न लिहिलेल्या तळटिपेविषयीच आहे.

क्रिकेटवर पोसलेल्या मराठी वाचकाला या वादाची तीव्रता प्रथमदर्शनी अनाकलनीय वाटण्याचा संभव आहे. होम रन म्हणजे फलंदाजाने टोलविलेला चेंडू मैदानाच्या कुंपणापलीकडे जाऊन पडणे, एवढ्यापुरता तो आपल्या षटकाराचा भाऊबंद होय. परंतु कारकिर्दीत कोणी किती षटकार मारले याचा आकडा आपल्यापैकी थोड्यांनाच पाठ असतो, उलट अमेरिकेत ६०, ६१, ७१४ आणि ७५५ हे आकडे पिढ्यान्‌पिढ्या शाळकरी मुलांच्या तोंडी राहिले. याचे कारण त्या खेळाच्या घडणीत आहे. चेंडू फेकणारा पिचर आणि फलंदाज यांच्यातील प्रत्येक झुंज स्वतंत्र असते, तिचा निकाल त्याच क्षणी लागतो, आणि तो निकाल दोघांच्याही खाती मांडला जातो. ही मांडणी ज्याने रूढ केली तो हेन्री चॅडविक मूळचा इंग्लंडमधील एक्झेटरचा, आणि न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांसाठी आधी क्रिकेटची वार्तापत्रे लिहिणारा होता. क्रिकेटच्या धावफलकाचे संस्कार घेऊन त्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बेसबॉलच्या प्रत्येक सामन्याचा संक्षिप्त ताळेबंद छापावयास आरंभ केला, आणि तेव्हापासून त्या खेळाचे दप्तर अखंड लिहिले गेले. आजोबाने पाहिलेला खेळाडू आणि नातवाने पाहिलेला खेळाडू यांची तुलना करण्याचे दुसरे कोणतेही साधन नसल्यामुळे त्या दप्तरावरील विश्वासाला श्रद्धेचे स्वरूप आले. अशा दप्तरातील एक आकडा खोटा आहे असे म्हणणे म्हणजे सबंध वंशावळीवरच शंका घेणे होय.

बाँड्सच्या आकड्यावर शंका आली ती औषधांमुळे, परंतु तारकाचिन्हाचा जन्म औषधांच्या प्रश्नापूर्वीचा आहे, आणि ती हकिकत सविस्तर सांगण्याजोगी आहे. बेब रूथने १९२७ साली एका हंगामात ६० होम रन मारले तेव्हा प्रत्येक संघ १५४ सामने खेळत असे. १९६१ साली दोन प्रमुख लीगपैकी एक असलेल्या अमेरिकन लीगमध्ये दोन नव्या संघांची भर पडून हंगाम १६२ सामन्यांचा झाला, आणि नेमक्या त्याच वर्षी न्यूयॉर्क यांकीज संघाचा रॉजर मॅरिस हा अबोल, संकोची खेळाडू रूथच्या आकड्याकडे झेपावू लागला. त्या वेळचे कमिशनर, म्हणजे व्यावसायिक बेसबॉलचे सर्वोच्च प्रशासक, फोर्ड फ्रिक हे पूर्वाश्रमीचे क्रीडापत्रकार असून रूथच्या नावाने प्रसिद्ध होणारे लेख एके काळी तेच लिहून देत असत. त्यांनी जुलै महिन्यात असे जाहीर केले की, १५४ सामन्यांनंतर कोणी साठीचा आकडा ओलांडला तर त्या विक्रमाची नोंद काही वेगळ्या खुणेने व्हावी. ती खूण तारकाचिन्हाची असावी ही सूचना डिक यंग नावाच्या पत्रकाराची. १५४ सामन्यांअखेर मॅरिसचे ५९ होम रन झाले होते. ६१वा त्याने हंगामाच्या अखेरच्या दिवशी, १ ऑक्टोबरला मारला. गमतीची नव्हे, तर विषादाची गोष्ट अशी की, व्यावसायिक बेसबॉलपाशी त्या वेळी स्वतःचे असे अधिकृत विक्रमपुस्तकच नव्हते. खाजगी प्रकाशक जी पुस्तके छापीत त्यांवर कमिशनरचा हुकूम चालत नसे, आणि त्या पुस्तकांतही तारका न छापता दोन विक्रम वेगवेगळे दिले गेले. तरीसुद्धा न छापलेल्या त्या तारकेने मॅरिसचा आयुष्यभर पाठलाग केला. १९९१ साली कमिशनर फे व्हिन्सेंट यांच्या अध्यक्षतेखालील समितीने हा भेद रद्द करून ६१ हाच एकमेव उच्चांक ठरविला, परंतु मॅरिस त्यापूर्वीच, १९८५ च्या डिसेंबरात, निवर्तला होता. खेळाच्या चालकांनी आपल्या वैयक्तिक ममत्वाच्या भरात दप्तरावर शेरा मारावयास घेतला की काय घडते, याचे हे उदाहरण पुढील सर्व विवेचनात ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.

आता औषधांकडे वळू. शरीराचे सामर्थ्य बाहेरून आणता येईल ही आशा जुनी आहे. १८८९ साली पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार या ख्यातनाम शरीरशास्त्रज्ञाने वयाच्या बहात्तराव्या वर्षी प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेऊन आपल्या अंगी तारुण्य परतल्याचे घोषित केले, आणि त्याच वर्षी पिट्सबर्गचा पड गॅल्विन हा नामांकित पिचर त्या अर्काचा प्रयोग करून मैदानात उतरला. वृत्तपत्राने त्याच्या विजयाचे श्रेय त्या अर्काला देऊन कौतुकच केले. निषेधाचा शब्द कोणाला सुचला नाही. त्या अर्कात कार्यकारी द्रव्य जवळजवळ नव्हतेच, तेव्हा जो काही परिणाम झाला असेल तो मनाचा. ते द्रव्य, म्हणजे टेस्टोस्टेरॉन, शास्त्रज्ञांच्या हाती शुद्ध स्वरूपात आले १९३५ साली, आणि त्याच वर्षी ते प्रयोगशाळेत तयारही करण्यात आले. अशा संप्रेरकांवरील संशोधनाबद्दल बुटेनांट व रुझिच्का यांना १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे औषधनिर्मात्यांनी टेस्टोस्टेरॉनच्या रेणूत लहानमोठे फेरफार करून जी द्रव्ये बनविली त्यांनाच ॲनाबोलिक स्टेरॉइड म्हणतात. क्षयाने, भाजल्याने किंवा दीर्घ आजाराने खंगलेल्या शरीरावर मांस चढविणे हा त्यांचा मूळ आणि सर्वथा निर्दोष हेतू होता.

ही द्रव्ये स्नायूच्या पेशीत शिरून तेथील विशिष्ट ग्राहीशी संयोग पावतात, ती जोडी पेशीकेंद्रात जाते, आणि तेथून प्रथिने अधिक वेगाने तयार करण्याचा आदेश सुटतो. व्यायामाने स्नायुतंतूंची जी झीज होते ती त्वरेने भरून निघते व भरताना तंतू पूर्वीपेक्षा जाड होतात. बरीच वर्षे वैद्यकवर्गात असा समज होता की निरोगी तरुणाला या औषधाचा काही उपयोग नाही. तो समज १९९६ साली लॉस एंजेलिस येथील शलेंदर भसीन यांच्या प्रयोगाने पुसून टाकला. नेहमीच्या उपचारमात्रेच्या सहापट टेस्टोस्टेरॉन दहा आठवडे घेऊन जोडीला वजने उचलणाऱ्या पुरुषांचे चरबीविरहित वजन सरासरी सुमारे ६ किलोंनी वाढले, आणि त्याहून विस्मयाची गोष्ट म्हणजे, औषध घेऊन अजिबात व्यायाम न करणाऱ्यांची वाढ ही औषधाविना नेटाने व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त भरली. जे प्रामाणिकपणे घाम गाळीत होते त्यांच्या बाजूने हा निष्कर्ष वाचला असता मन अस्वस्थ झाल्याशिवाय राहत नाही. किंमत अर्थातच मोजावी लागते: शरीर स्वतःचे टेस्टोस्टेरॉन बनविण्याचे थांबविते, वृषणे आक्रसतात, रक्तातील मेदाचे प्रमाण बिघडते, हृदय व यकृत यांवर ताण येतो, आणि वृत्ती चिडखोर होते.

बेसबॉलच्या जुन्या जाणत्यांचे पुष्कळ काळ असे म्हणणे होते की, बळाने वजन उचलता येईल, पण ताशी दीडशे किलोमीटर वेगाने येणारा गोल चेंडू गोल दांड्याने टोलविणे हे दृष्टीचे व मनगटाचे काम आहे. तेथे औषध काय करणार? हे म्हणणे अर्धेच खरे आहे. चेंडूला बॅट लावण्याचे कसब औषधाने येत नाही हे निर्विवाद, परंतु ते कसब ज्याच्या अंगी आधीच आहे त्याच्या बाबतीत गणित निराळे होते. टफ्ट्स विद्यापीठातील पदार्थवैज्ञानिक रॉजर टोबिन यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात ते मांडून दाखविले आहे. उत्तम फलंदाजाचे पुष्कळसे टोले कुंपणाच्या अलीकडे थोडक्यात पडतात आणि झेलले जातात. कुंपण ओलांडणारे टोले हा त्याच्या एकंदर टोल्यांचा अगदी टोकाचा, लहानसा हिस्सा असतो. पुराचे पाणी नदीच्या बांधाशी येऊन टेकलेले असताना आणखी वीतभर चढले तर गावात शिरणारे पाणी वीतभराच्या हिशेबाने वाढत नाही, तसेच येथे होते. बॅटचा वेग किंचित वाढला की टोल्याची लांबी थोडीशीच वाढते, पण कुंपण ओलांडणाऱ्या टोल्यांचे प्रमाण टोबिन यांच्या हिशेबाप्रमाणे ५० ते १०० टक्क्यांनी वाढू शकते. खेळातील इतर कोणत्याही आकड्यापेक्षा होम रनांचाच आकडा औषधाने का फुगावा, याचे उत्तर येथे मिळते. पिचरलाही औषधाचा लाभ होतो, परंतु तो बहुधा थकवा लवकर उतरण्याच्या रूपाने, आणि म्हणून आकड्यांत तो चटकन डोळ्यांत भरत नाही.

१९९४ च्या ऑगस्टात मानधनाच्या तंट्यावरून खेळाडूंनी संप पुकारला आणि त्या वर्षीची वर्ल्ड सीरीज ही अजिंक्यपदाची मालिका रद्द करण्यात आली. प्रेक्षकांनी रागाने पाठ फिरविली. त्यांना परत आणले ते १९९८ च्या उन्हाळ्याने, जेव्हा सेंट लुईसचा मार्क मॅग्वायर आणि शिकागोचा सॅमी सोसा हे दोघे मॅरिसच्या ६१ चा पाठलाग करीत परस्परांशी स्पर्धा करू लागले. ८ सप्टेंबरला मॅग्वायरने ६२वा होम रन मारला, तो जेमतेम ३४१ फूट गेला, त्या वर्षातील त्याचा सर्वांत आखूड. मैदानावर उपस्थित असलेल्या मॅरिसच्या मुलांना त्याने आलिंगन दिले आणि सारा देश गहिवरला. वर्षअखेर मॅग्वायरचे ७० व सोसाचे ६६ झाले. याच उन्हाळ्यात ऑगस्टमध्ये स्टीव्ह विल्स्टाईन नावाच्या वार्ताहराला मॅग्वायरच्या कपाटात अँड्रोस्टेनडायोनची बाटली उघड्यावर ठेवलेली दिसली होती. हे द्रव्य शरीरात टेस्टोस्टेरॉनचे पूर्वरूप म्हणून काम करते. ऑलिंपिकमध्ये आणि अमेरिकन फुटबॉलमध्ये त्यावर बंदी होती, पण १९९४ च्या पूरक आहारविषयक कायद्यामुळे ते दुकानात राजरोस विकत मिळे, आणि बेसबॉलच्या नियमांत त्याचा निषेध नव्हता. बातमी छापणाऱ्या वार्ताहरावरच टीकेची झोड उठली. कुपी सर्वांनी पाहिली होती; ती पाहूनही उत्सव चालू ठेवण्याचा निर्णय सर्वांनी मिळून घेतला होता, आणि मी या प्रकरणाचा विचार करतो तेव्हा हा मुद्दा मला बाकी सर्व मुद्द्यांहून वजनदार वाटतो. १९९१ साली कमिशनरांनी स्टेरॉइड निषिद्ध असल्याचे परिपत्रक काढले होते खरे, पण चाचणी नाही, शिक्षा नाही, तपासणीस नाही, अशा परिपत्रकाची मातब्बरी किती असणार? संघांचे मालक तिकिटांच्या उत्पन्नावर खूश होते, खेळाडूंची संघटना खाजगी जीवनातील ढवळाढवळीचे कारण सांगून चाचणीला विरोध करीत होती, आणि वृत्तपत्रांना अद्भुताची गरज होती.

बॅरी बाँड्स हा त्या उन्हाळ्यात उपेक्षित राहिला. कारकिर्दीत ४०० होम रन व ४०० चोरलेले बेस (म्हणजे सहकाऱ्याच्या टोल्याची वाट न पाहता धावून गाठलेले पुढचे तळ) असा दुहेरी टप्पा बेसबॉलच्या इतिहासात प्रथम गाठणारा खेळाडू तो, आणि हा टप्पा त्याने १९९८ च्या ऑगस्टातच गाठला, पण मॅग्वायर-सोसाच्या जयघोषात तिकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. तोपर्यंत त्याला सर्वोत्कृष्ट खेळाडूचा किताब तीन वेळा मिळाला होता. त्या घटकेला तो निवृत्त झाला असता तरी थोरांच्या मालिकेत त्याचे स्थान निश्चित होते. त्यानंतर त्याच्या शरीराचा आकार पालटला, आणि ज्या वयात इतरांचे हात मंदावतात त्या वयात, छत्तिसाव्या-सदतिसाव्या वर्षी, २००१ साली त्याने ७३ होम रन मारले. त्यापूर्वी एका हंगामात त्याने पन्नासचा आकडा कधी गाठलेला नव्हता. २००३ च्या सप्टेंबरात सॅन फ्रान्सिस्कोनजीकच्या ‘बाल्को’ नावाच्या एका प्रयोगशाळेवर सरकारी छापा पडला आणि व्हिक्टर कॉन्टी याच्या व्यवहाराचे धागेदोरे बाहेर आले. तेथून पुरविले जाणारे टी.एच.जी. हे स्टेरॉइड मुद्दाम चाचणीला चकविण्यासाठी घडविलेले होते. प्रयोगशाळेतील यंत्र ज्ञात द्रव्यांच्या खुणा शोधते. जे द्रव्य कोणाला ठाऊकच नाही त्याची खूण ते कशी शोधणार? धावपटूंच्या एका प्रशिक्षकाने पाठविलेल्या वापरलेल्या पिचकारीतील अवशेषावरून लॉस एंजेलिसच्या डॉन कॅटलिन यांनी त्या रेणूची रचना उलगडली, हा या प्रकरणातील शास्त्राचा खरा विजय होय. बाँड्सने न्यायालयीन चौकशीपुढील जबानीत असे सांगितले की, आपल्याला मिळालेले पदार्थ जवसाचे तेल व सांधेदुखीचे मलम आहेत अशी आपली समजूत होती. खोटी साक्ष व न्यायकार्यात अडथळा या आरोपांखाली त्याच्यावर खटला झाला. २०११ साली अडथळ्याच्या एकाच कलमाखाली तो दोषी ठरला आणि २०१५ साली अपील न्यायालयाने तेही रद्द केले. कायद्याच्या दृष्टीने, म्हणजे, त्याच्या नावावर आज काहीही शाबीत नाही.

मग विधिमंडळाने डोळे वटारले. १७ मार्च २००५ रोजी वॉशिंग्टनमध्ये झालेल्या सुनावणीत स्टेरॉइडच्या नादाने मुलगे गमावलेल्या आईबापांनी साक्षी दिल्या, आणि त्यांच्यामागून आलेल्या मॅग्वायरने आपण भूतकाळाविषयी बोलावयास आलो नाही असे सांगून प्रश्न टोलविले. त्याने कबुली दिली ती पाच वर्षांनी, २०१० साली. राफाएल पाल्मेरो या फलंदाजाने बोट उगारून आपण कधीही स्टेरॉइड घेतले नसल्याचे शपथपूर्वक सांगितले, आणि काही महिन्यांतच तो चाचणीत दोषी आढळला. माजी सिनेटर जॉर्ज मिचेल यांचा बेसबॉलमधील औषधसेवनाविषयीचा ४०९ पृष्ठांचा अहवाल १३ डिसेंबर २००७ रोजी प्रसिद्ध झाला. खेळाडूंच्या नावांवर वृत्तपत्रे तुटून पडली, पण कमिशनर, संघांचे अधिकारी, संघटना आणि खेळाडू या सर्वांवर त्यात ठेवलेला सामुदायिक जबाबदारीचा ठपका फार थोड्यांनी वाचला. दरम्यान २००३ च्या निनावी पाहणीत पाच टक्क्यांहून अधिक नमुने दोषी निघाल्यामुळे सक्तीची चाचणी सुरू झाली होती. शिक्षा आरंभी लुटुपुटीची होती, २००६ पासून पहिल्या अपराधाला ५० सामन्यांची बंदी झाली, आणि २०१४ पासून ती ८० सामन्यांची आहे. तिसऱ्या अपराधाला कायमची बंदी.

येथवरचा वृत्तान्त ऐकून कोणीही सज्जन म्हणेल की, हे आकडे रद्दच करावेत आणि ॲरनचे ७५५ व मॅरिसचे ६१ पुन्हा सिंहासनावर बसवावेत. या मागणीमागील संताप मला पूर्णतः मान्य आहे, तरी मागणी मान्य नाही. ऑलिंपिकच्या शर्यतीत प्रत्येक धावपटू आपापल्या पट्ट्यात धावतो. १९८८ साली सोल येथे बेन जॉन्सनची ९.७९ सेकंदांची वेळ बाद करून सुवर्णपदक कार्ल लुईसला देता आले, कारण एक नाव खोडल्याने बाकीच्यांच्या वेळा बदलत नाहीत. बेसबॉलचे दप्तर दुहेरी नोंदीचे आहे. ५ ऑक्टोबर २००१ रोजी बाँड्सने ७१वा व ७२वा होम रन चान हो पार्क या लॉस एंजेलिसच्या पिचरविरुद्ध मारला. तो सामना बाँड्सचा संघ ११-१० असा हरला आणि त्याबरोबर अंतिम फेऱ्यांची त्याची आशाही मावळली. आता ते दोन टोले खोडावयाचे तर पार्कच्या खाती पडलेल्या धावा परत करावयाच्या काय? सामन्याचा धावफलक कोणता मानावयाचा? आणि जो संघ हे टोले मिळूनही हरला त्याच्या पराभवाचे काय करावयाचे? समोरच्या पिचरांपैकीही कित्येकजण औषध घेत होते, मिचेल अहवालात त्यांचीही नावे आहेत. दोषी फलंदाजाने दोषी पिचरविरुद्ध मारलेला टोला किती आण्यांनी खरा, हे ठरविणारा लवाद मनुष्यजातीत निर्माण व्हावयाचा आहे. टोला गेला, प्रेक्षकांनी पाहिला, धाव मोजली गेली, संघ जिंकले व हरले. घडलेली घटना घडली नाही असे लिहिणारे दप्तर एका असत्यावर दुसरे असत्य चढविते.

शिवाय ज्या आकड्यांना आपण निष्कलंक समजून सिंहासनावर बसवू पाहतो त्यांची कुळकथाही पाहिली पाहिजे. १९६९ साली पिचरचा उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणला आणि फलंदाजांचे दिवस फिरले. २०१९ च्या हंगामात एकंदर ६,७७६ होम रनांचा उच्चांक झाला त्यात चेंडूच्या बनावटीतील फरकाचा मोठा वाटा होता. हे बदल सर्वांना सारखे लागू असल्यामुळे त्यांत अन्याय नाही. मेंदूला तरतरी आणणाऱ्या अँफेटामिनच्या हिरव्या गोळ्या कित्येक दशके संघांच्या खोल्यांतून सर्रास मिळत, त्यांवर बंदी आली २००६ साली. स्वतः ॲरनने आत्मचरित्रात आपण १९६८ साली एकदा अशी गोळी घेतल्याचे सरळ मनाने नमूद केले आहे. परंतु सर्वांत मोठा कलंक औषधाचा नाही, वर्णभेदाचा आहे. १९४७ च्या एप्रिलात जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरेपर्यंत कृष्णवर्णीयांना या खेळाचे मोठे दरवाजे बंद होते. बेब रूथच्या ६० होम रनांपैकी एकही कृष्णवर्णीय पिचरविरुद्ध नाही, कारण तसा पिचर त्याच्यासमोर उभाच राहू दिला गेला नाही. जॉश गिब्सन हा त्या काळातील प्रचंड ताकदीचा फलंदाज रॉबिन्सनच्या पदार्पणापूर्वी तीन महिने, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी मरण पावला. आणि ॲरन १९७३-७४ मध्ये रूथच्या ७१४ च्या जवळ येऊ लागला तेव्हा एका गोऱ्या माणसाचा विक्रम एक काळा माणूस मोडतो म्हणून त्याला शिव्याशापांची व जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रे पोत्यांनी आली. ८ एप्रिल १९७४ ला ७१५वा होम रन मारताना त्याला संरक्षकाची गरज होती. हे सर्व सोसलेल्या ॲरनने २००७ साली बाँड्सचे अभिनंदन करणारा संदेश चित्रफलकावरून पाठविला. त्याच्या औदार्यापुढे इतरांचा संताप थोटा दिसतो. रूथच्या नावापुढे तारका कोरावी असे कोणी म्हणत नाही. म्हणूनही नये, कारण तो अपराध त्याचा नव्हता, चालकांचा होता. मात्र ज्या न्यायाने रूथला सोडावयाचे, त्या न्यायाची थोडीशी सावली तरी १९९८ च्या मंडळींवर पडली पाहिजे, कारण त्यांच्याही काळी चालकांनी डोळे मिटलेले होते. थोडीशीच म्हणतो, सबंध नव्हे: रूथला आपल्याला मिळणारा लाभ लपवावा लागला नाही, यांनी तो लपविला, आणि लपविणाऱ्याला आपण काय करीत आहोत हे कळत असते.

दप्तर आणि सन्मान या दोन गोष्टी निराळ्या ठेवल्या की बराचसा गुंता सुटतो. काय घडले ते दप्तराने सांगावे. कोणाला वंदन करावे ते समाजाने ठरवावे. कूपर्सटाऊनच्या मतदानात पत्रकारांची ७५ टक्के मते लागतात, आणि त्या मतदानाच्या नियमांतच खेळाडूच्या कर्तबगारीबरोबर त्याचा प्रामाणिकपणा व शील पाहावे असे लिहिलेले आहे. बाँड्स व मिचेल अहवालात नाव आलेला पिचर रॉजर क्लेमेन्स यांना दहाव्या व अखेरच्या वर्षी, २०२२ साली, अनुक्रमे ६६ व ६५.२ टक्के मते पडून ते बाहेर राहिले. हा निर्णय मला कठोर पण न्याय्य वाटतो. जे मला न्याय्य वाटत नाही ते असे की, ज्यांच्या कारकिर्दीत हे सर्व घडले ते कमिशनर बड सेलिग २०१७ साली त्याच दालनात सन्मानपूर्वक दाखल झाले. शीलाची कसोटी खेळाडूला लावावयाची आणि कारभाऱ्याला लावावयाची नाही, हा दंडक कोणत्या नीतिशास्त्रात बसतो? २०२२ च्या ४ ऑक्टोबरला यांकीजच्याच आरन जज याने ६२ होम रन पुरे केले, तेव्हा मॅरिसच्या मुलाने खरा विक्रमवीर जजच असे जाहीर बोलून दाखविले आणि असंख्यांनी माना डोलावल्या. पुस्तकात ७३ हाच आकडा राहिला, आणि आदर ६२ ला मिळाला. यात मला कोणतीही विसंगती दिसत नाही.

दप्तर सुधारण्याची रीत कोणती, तेही याच खेळाने अलीकडे दाखवून दिले आहे. कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र लीगना २०२० साली प्रथम श्रेणीचा दर्जा देण्यात आला आणि २०२४ साली त्यांचे आकडे मुख्य दप्तरात सामील झाले. जॉश गिब्सनची फलंदाजीची .३७२ ही सरासरी आजवरच्या उच्चांकाच्या, म्हणजे टाय कॉब या जुन्या फलंदाजाच्या .३६७ च्या, वर गेली. कॉबचा एकही टोला त्यासाठी खोडावा लागला नाही. जे लिहावयाचे राहिले होते ते लिहिले, एवढेच. स्टेरॉइडच्या काळाबाबतही हाच मार्ग असावा. ७०, ७३ आणि बाँड्सचा कारकिर्दीअखेरचा ७६२ हे आकडे तसेच छापावेत, आणि त्यांच्याशेजारी, एका मुक्या तारकेऐवजी, चार वाक्यांत साफ लिहावे की, या वर्षांत चाचणी नव्हती, अमुक वर्षी ती सुरू झाली, या खेळाडूविषयी अमुक कबुली किंवा अमुक अहवाल उपलब्ध आहे आणि न्यायालयाचा निर्णय असा आहे.

असे लिहिले तरी एका वर्गाची भरपाई होत नाही. संघात त्या काळी जागा पंचवीसच असत. सारख्याच कसबाचे दोघे शेवटच्या जागेसाठी झगडत असता एकाने कुपी उघडली आणि दुसऱ्याने नाकारली, तर दुसरा कनिष्ठ लीगमधून परस्पर घरी गेला. त्याने न मारलेल्या टोल्यांची नोंद कोणत्याच ताळेबंदात सापडणार नाही, आणि त्याचा न्याय करावयास कोणताही सिनेटर बसला नाही. कनिष्ठ लीगच्या खेळाडूंना संघटनेचे संरक्षण नसल्यामुळे त्यांच्यावर चाचणीची सक्ती करण्यास कोणाची संमती लागत नव्हती, आणि म्हणून ती तेथे सर्वांआधी, २००१ साली, लादण्यात आली. तुटपुंज्या वेतनावर बसने गावोगाव हिंडणाऱ्या त्या मुलांच्या लघवीचे नमुने गोळा होत होते त्याच हंगामात वरच्या लीगमध्ये, जेथे चाचणी येण्यास अद्याप दोन वर्षे होती, ७३ होम रन मारले गेले.